अर्धा निंब

मिस्त्रींनी मशीन बाकावरून उचलली, चालू करायच्या दोरीची मूठ हातात धरली आणि मशीन तशीच सोडून दिली. मला वाटलं, आता फरशीवर आदळणार. पण ती दोरीला लोंबकळली आणि जड बादली रहाटावरून विहिरीत उतरावी तशी थांबत थांबत, हलके झटके घेत खाली येऊ लागली. मिस्त्री कान देऊन उभे होते. ती जमिनीपासून वीतभर राहिली तेव्हा त्यांनी दुसरा हात खाली घातला आणि म्हणाले, "जीव हाये अजून, गुरुजी. कम्प्रेशन पुरं गेलं असतं तं धपकन पडली असती."

झाडं कापायची ती चेन सॉ होती. आमच्याकडे तिला कोणी चेन सॉ म्हणत नाही. कटर म्हणतात, किंवा नुसतंच 'मशीन'. अंगावरचा पत्रा खरचटलेला, कंपनीचं नाव घासून गेलेलं, पुढचा हात-दांडा मोडलेला, चेन गंजून पट्टीला चिकटलेली. मालक अडीच हजार मागत होता. ती घ्यावी की घेऊ नये हे ठरवायला मी चार दिवस त्या दुकानात जाऊन बसत होतो. वस्तू छोटी आणि रक्कमही फार मोठी नाही. तरी त्या चार दिवसांत मला जे कळलं ते पंचवीस वर्षं वर्गात शिकवूनही कळलं नव्हतं, म्हणून हे लिहितो आहे.

अकोल्याहून निघालं की पातूर लागतं. पातूर सोडलं की घाट, घाटाच्या दोन्ही अंगांना साग-सलईचं जंगल, आणि वर चढून आलं की मेडशी. १९९८ पर्यंत आम्ही अकोला जिल्ह्यातले होतो, त्या वर्षीच्या १ जुलैला वाशीम जिल्हा वेगळा झाला. तालुका मालेगाव. पूर्वेकडे काटेपूर्णेचं अभयारण्य, गावाच्या नावाचं वनपरिक्षेत्र आणि गावाजवळून जाणारा महामार्ग. जंगल आणि रस्ता यांच्या मध्ये आमचं आयुष्य जातं. मिस्त्रींचं दुकानही तसंच, रस्त्याच्या कडेला, टिनाच्या शेडमध्ये. सोयाबीन-कपाशीच्या दिवसांत त्यांच्याकडे पाठीवरच्या फवारणी पंपांची रांग लागते. उन्हाळ्यात काम कमी, तेव्हा ते जुन्या गाड्या उघडून बसतात.

मी गेलो होतो तो आमच्या निंबापायी.

गेल्या मे महिन्यात एका संध्याकाळी वावधन आलं. आमच्या वावराच्या धुऱ्यावर, विहिरीला लागून, आजोबांनी लावलेला कडुनिंब आहे. जमिनीपासून पुरुषभर उंचीवर त्याचे दोन भाग झालेले. दोन्ही सारख्याच जाडीचे, जणू जुळे भाऊ. त्या बेचक्यात वर्षानुवर्षं पाणी साचलं होतं, साल आत वळत गेली होती. बाहेरून तो जोड भक्कम दिसे. त्या संध्याकाळी तो बेचक्यातूनच फाटला. अर्धा निंब विहिरीच्या कठड्यावर आणि मोटारीच्या खोपटावर आडवा झाला. उरलेला अर्धा उभाच राहिला, एका बाजूची कूस उघडी पडलेला, आतलं तांबूस लाकूड दाखवत.

दुसऱ्या दिवशी लाकूडतोडे आले. त्यांना बोलवावं लागत नाही, वादळानंतर ते आपणच हिंडतात. त्यांच्यातल्या म्होरक्याने झाडाभोवती एक फेरी मारली, बुंध्यावर थाप मारली आणि म्हणाला, "पडलेलं काढून देतो, खोपटबी मोकळं करून देतो. पैसे नाई घेत तुमचे. उभं अर्धं तेवढं आम्हाले द्या. तसंबी ते ठेवून फायदा नाई, पुढच्या वावधनात येईनच खाली." त्याचं बोलणं खोटं नव्हतं. एका बाजूने फाटलेलं झाड पुढे कधी कसं वागेल याची हमी कोणीच देऊ शकत नाही. शिवाय पडलेल्या भागात बरंचसं फांद्यांचं सरपण होतं. सरळ, बिनगाठीचं, चौकटी-दारांना चालेल असं खोड उभ्या भागातच होतं. निंबाला वाळवी सहसा लागत नाही, म्हणून त्याला गिऱ्हाईक असतं. कापणाऱ्याचा हिशोब त्याच्या जागी बरोबर होता.

पण माय विहिरीच्या पलीकडे बाजेवर बसली होती. तिने एवढंच विचारलं, "पडलं ते पडलं. उभं हाये त्याचं काहून काढून राह्यले?"

या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. मी म्होरक्याला विचारलं की पैसे घेऊन नुसतं पडलेलंच कापून देता का. त्याने जो आकडा सांगितला तो माझ्या आवाक्याबाहेरचा होता. बहुधा मी नाही म्हणावं म्हणूनच त्याने तो सांगितला असावा. त्या दिवशी मला पहिल्यांदा स्पष्ट दिसलं की ज्याच्या हातात मशीन आहे, कुठे थांबायचं हे तोच ठरवतो. मशीन दुसऱ्याची असली की थांबण्याची जागाही त्याचीच असते.

म्हणून मी मिस्त्रींकडे गेलो. त्यांच्या शेडच्या कोपऱ्यात दोन महिन्यांपासून ही मोडकी मशीन पडून होती.

तिचा मालक पातूरकडचा एक तरुण. फोन केल्यावर मोटारसायकलवर आला. हातावर जुन्या जखमांचे वण, बोलायला मोकळा. त्याने काही लपवलं नाही. महामार्गाचं चौपदरीकरण चाललं तेव्हा तो झाडं कापणाऱ्या एका टोळीत होता आणि ही मशीन त्याने तेव्हाच घेतली. दिवसभर चालवायची, संध्याकाळी अंधार पडेस्तोवर. मग एक दिवस ती अडकली, म्हणजे पिस्टन पकडला. एका दुकानात नवा पिस्टन टाकून घेतला. आठ दिवसांत पुन्हा पकडला. तिथून त्याचं मन उडालं.

"तेल कमी पडलं असंन," मी म्हणालो.

"तेल मी सोता मोजून टाकत होतो, काका. आन्‌ खरं सांगू का, शेवटी शेवटी तं लय पळत होती. अशी कधीच पळाली नाई. हात सोडला तरी आवाज खाली येत नोता."

हे ऐकताच मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. "हात सोडला तरी खाली येत नोती?" त्यांनी पुन्हा विचारलं. पोरगा हो म्हणाला. मिस्त्री काही बोलले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर खूप दिवसांचा ताप कशामुळे आहे ते समजलेल्या डॉक्टरसारखा भाव आला.

ही इंजिनं मिस्त्रींना लहानपणापासून ओळखीची. टू-स्ट्रोक. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिकने लुना आणली, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं वऱ्हाडातल्या दूधवाल्यांपासून शाळामास्तरांपर्यंत सगळे तिच्यावर बसले. लुनाचं इंजिन ५० सीसीचं. आमच्या पुढ्यातली मशीन ५८ सीसीची होती, म्हणजे लुनाहून थोडी मोठीच. जे इंजिन एका माणसाला घरी नेऊन सोडायचं, त्याहून मोठं इंजिन इथे दोन हातांत धरून झाडाला लावायचं. लुना गेली, पण तिची विद्या गेली नाही. ती फवारणी पंपात आली, आणि आता या कटरमध्ये. पंपावर पेट्रोल घेताना त्यात तेल टाकून बाटली हलवणारा माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला हे इंजिन नव्याने समजावून सांगावं लागत नाही.

ज्याने पाहिला नाही त्याच्यासाठी सांगतो. या इंजिनात तेलाची वेगळी जागा नसते. तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. एक लिटरला कोणी २० मिली टाकतं, कोणी ४०. मशीन आणि तेल पाहून प्रमाण ठरतं. ते तेल पेट्रोलच्या खांद्यावर बसून आत जातं आणि जाता जाता पिस्टनला, रिंगला, बेअरिंगला माखत जातं. याचा अर्थ असा की आत पेट्रोल कमी गेलं तर तेलही कमी जातं. बाटलीत कितीही बरोबर मोजून टाकलेलं असो, खांदा देणाराच कमी आला तर बसणाराही कमीच पोचणार.

मिस्त्रींनी सायलेन्सरचे दोन बोल्ट काढले. मशीनच्या अंगात एक चौकोनी खिडकी उघडली. मोबाइलची बॅटरी लावून त्यांनी मला आत बघायला सांगितलं. पिस्टनचं अंग दिसत होतं. ते गुळगुळीत, राखाडी असायला हवं. त्यावर उभ्या रेघा होत्या, नांगराच्या तासासारख्या. मिस्त्रींनी दोरी हळूच ओढत पिस्टन वर-खाली केला. मग कार्बोरेटर काढून पलीकडच्या बाजूने बघायला लावलं. तिकडे पिस्टनवर एकही रेघ नव्हती.

"आता सांगा गुरुजी, तेलच टाकलं नसतं तं काय झालं असतं?"

मी म्हणालो, "सगळीकडून घासला असता."

"बरोबर. आन्‌ हवेची जाळी फाटून धूळ गेली असती तं या कार्बोरेटरच्या अंगानं घासला असता, मळकट. हा घासला तो फक्त सायलेन्सरच्या अंगानं. तिकडे सगळ्यात जास्त गरम असते. म्हणजे मशीन उपाशी चालली. पेट्रोल कमी, हवा जास्त."

मी शिक्षक आहे. विद्यार्थ्याच्या वहीतली चूक बघायची सवय आहे. पण चूक कुठल्या बाजूला आहे यावरून ती का झाली हे वाचायचं, ही सवय मला मिस्त्रींनी त्या दिवशी लावली. गणितात नापास झालेल्या किती पोरांना मी नुसतंच पुन्हा गणित घातलं असेल! पहिल्या दुकानाने केलं तेच. पिस्टन खराब दिसला, पिस्टन बदलला. तो खराब का झाला हे कोणी विचारलं नाही, म्हणून नवा पिस्टन जुन्याच वाटेने गेला.

मग मिस्त्रींनी जे केलं ते पंक्चरच्या दुकानात आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून त्यांनी सायलेन्सरचं तोंड बंद केलं. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या मध्ये जे रबर असतं, त्याचं कार्बोरेटरकडचं तोंडही बंद केलं. एक जुना प्लग पोकळ करून त्यात सायकलची नळी बसवलेली होती. ते त्यांचं स्वतः केलेलं हत्यार. तो प्लगच्या जागी आवळला, पिस्टन खाली घेतला आणि हातपंपाने अगदी थोडी हवा भरली. "जास्त मारली तं सील उलटते," ते म्हणाले. मग साबणाचं पाणी ब्रशने सगळीकडे लावलं. सीलच्या दोन्ही बाजूंना काही नाही. ब्लॉकच्या खाली काही नाही. रबरावर ब्रश फिरला आणि त्याच्या खालच्या अंगाला, जिथे नजर सहज जात नाही, बारीक बुडबुड्यांची एक माळ उमटली.

रबराला नखाएवढी चीर होती.

त्या चिरेतून आत जाणारी हवा कार्बोरेटरला चुकवून जात होती. तिच्याबरोबर पेट्रोल नव्हतं, म्हणून तेलही नव्हतं. इंजिन उपाशी राहिलं की आवाज चढतो, वेग वाढतो, हात सोडला तरी खाली येत नाही. त्या पोराला वाटलं, मशीन खुशीत आहे. तो तिचा शेवटचा ताप होता. मिस्त्रींनी बुडबुड्यांकडे बोट दाखवून त्याला ते सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे तिनं सांगतलं होतं. मलेच समजलं नाई."

ही चीर कशाने पडली असेल? रबर उन्हाने, उष्णतेने, वर्षांनी जुनं होतं. आणि आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, वीस टक्क्यांपर्यंत. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने तसंच राहिलं की जुन्या पद्धतीच्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधला पातळ पडदा फुगतो, कडक होतो. रोज चालणाऱ्या मशीनला त्याचा फारसा त्रास नसतो. वर्षातून चार दिवस चालून बाकीचे दिवस भरल्या टाकीने पडून राहणाऱ्या मशीनला तो होतो. आमच्याकडच्या कितीतरी फवारणी पंपांचं दुखणं हेच असल्याचं मिस्त्री सांगतात.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण सापडलं होतं, दुरुस्ती शक्य दिसत होती. अडलं ते निराळ्याच गोष्टीवर. ही मशीन महामार्गावरची होती.

अकोला ते मेडशी आणि मेडशी ते वाशीम. महामार्ग क्रमांक १६१ च्या चौपदरीकरणाचे हे दोन टप्पे, दोन्हींच्या नावात आमचं गाव. २०२३ मध्ये वाशीमला त्यांचं लोकार्पण झालं. रस्ता चांगला झाला. अकोल्याच्या दवाखान्यात पोचायला लागणारा वेळ कमी झाला, आणि ज्याच्या घरी आजारी माणूस आहे त्याला त्याची किंमत विचारावी. पण जुन्या रस्त्याच्या दोन्ही कडांचे निंब आणि वड गेले. मी लहानपणी सायकलने ज्या सावलीखालून जात होतो, ती सावली याच मशीनने, किंवा हिच्या बहिणींनी उतरवली. तीच मशीन घरी आणून मी आजोबांच्या निंबाला लावणार होतो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं आपण म्हणतो. दांडा निदान लाकडाचा असतो, त्याला गोत तरी असतं. हिला तेही नाही.

पडल्या पडल्या मला या यंत्राचा वाचलेला इतिहास आठवत राहिला. साखळीची करवत पहिल्यांदा झाडासाठी झालीच नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधल्या जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री या दोन डॉक्टरांनी बारीक दातांची हातसाखळी वापरली ती हाडासाठी. अडलेल्या बाळंतपणात मूल बाहेर येईना, तेव्हा कटीच्या हाडांमधला सांधा मोकळा करायला. भूल देण्याची सोय नसलेल्या त्या काळात ते किती भयंकर असेल याची कल्पना करवत नाही. पण हेतू वाट मोकळी करण्याचा होता. पुढे जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवरची आणि १९२९ मध्ये पेट्रोलवरची लाकूड कापणारी मशीन बनवली. ती दोघांनी मिळून उचलावी लागे. आजच्या चेनचा दात मात्र एका किड्याचा आहे. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने १९४६ मध्ये झाडाच्या एका खुंटात अळी पाहिली. ती लाकूड ओरबाडत नव्हती. डाव्या-उजव्या जबड्यांनी आळीपाळीने दोन्हीकडे कापत पुढे सरकत होती, तंतूंना आडवी आणि उभी, दोन्हीकडे सारख्याच सहजतेने. त्याने तसेच वळलेले डावे-उजवे दात साखळीला दिले. पुढच्या वर्षी ती साखळी बाजारात आली, आणि आजही चेन मुळात त्याच रीतीने कापते. आपल्याकडे आंब्याच्या खोडात शिरणारी भिरुड त्याच अळीच्या कुळातली, लांब मिशांच्या भुंगेऱ्याची पोर.

म्हणजे या यंत्राला दोन पूर्वज आहेत. एक वाट मोकळी करणारा, दुसरा पोखरणारा. कोणाच्या वळणावर जायचं हे यंत्र ठरवत नाही. सकाळी मी मिस्त्रींना मनातली अडचण सांगितली. त्यांनी क्षणभर विचार केला. "मशीनले काय मालूम गुरुजी, पुढचं झाड कोणाचं हाये ते. आपल्यालेच मालूम पाहिजे."

ब्लॉक उघडायचा राहिला होता. पोराच्या परवानगीने मिस्त्रींनी तो खोलला. आतल्या भिंतीवर पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे चट्टे चिकटले होते. इथे सगळा हिशोब अडकला होता. ब्लॉकच्या आत एक कडक, पातळ थर असतो. तो शाबूत असेल तर नुसता पिस्टन बदलून भागतं, तो गेला असेल तर पूर्ण ब्लॉक. हातमोजे घालून त्यांनी काडीला कापूस गुंडाळला, ॲसिडमध्ये बुडवला आणि फक्त चट्ट्यांवर फिरवला. ॲल्युमिनियम फसफसलं. पुसलं, पाण्याने धुतलं, पुन्हा फिरवलं. तिसऱ्या वेळी फसफस थांबली. बारीक पॉलिश पेपर फिरवून त्यांनी माझा हात धरला आणि माझं नख आतल्या भिंतीवरून आडवं फिरवलं. नख कुठेच अडलं नाही.

"ब्लॉक वाचला," ते म्हणाले.

मग आम्ही कागदावर मांडलं. पिस्टन आणि रिंग ३५०. चिरलेलं रबर ८०. कार्बोरेटरचा पडदा १५०. उघडलंच आहे तर दोन ऑइल सील, १००. चेन ५००. ब्रेक ४००. मजुरी ५००. एकूण २,०८०. मशीनसाठी पोरगा आता १,५०० वर आला होता. सगळे मिळून ३,५८०. तशीच नवी मशीन अकोल्यात साडेसहा हजारांना मिळत होती. मिस्त्रींचा एक जुना ठोकताळा आहे: जुनी वस्तू दुरुस्तीसकट नव्याच्या निम्म्याहून वर जात असेल तर घेऊ नये. निम्मे म्हणजे ३,२५०. आम्ही ३३० रुपयांनी वर होतो.

"ब्रेक सोडून द्या," पोरगा म्हणाला. "मी दोन वर्षं बिनब्रेकचीच चालवली."

मी त्याच्या हातांवरच्या वणांकडे पाहिलं. मशीनच्या पट्टीचं टोक, त्यातही वरचा भाग, लाकडाला अवचित लागला तर मशीन झटक्यात उलटून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येते. पुढचा दांडा त्यासाठीच असतो. मनगट त्याला आदळलं की चेन तिथल्या तिथे थांबते. तोच मोडलेला होता. आणि वादळाने पडलेलं झाड तर उभ्या झाडाहून अवघड. फांद्या दबलेल्या असतात, ताणलेल्या असतात, कापताच कुठल्या बाजूला उसळतील ते आधी वाचावं लागतं. जुनी, खरचटलेली, बिननावाची मशीन मला चालणार होती. थांबता न येणारी चालणार नव्हती. ब्रेकचे चारशे कागदावर राहिले.

मी घरी येऊन मायसमोर बसलो आणि हिशोब वाचून दाखवला. तिने ऐकलं आणि विचारलं, "यात उभ्या निंबाचे किती धरले?"

मी काहीच धरले नव्हते.

परवडतं की नाही हे ठरवताना आपण वस्तूची किंमत वस्तूशीच ताडतो. मोडकी विरुद्ध नवी, साडेतीन हजार विरुद्ध साडेसहा. मी चार दिवस तेच करत होतो. पण ती मशीन मला कशाला हवी होती? लाकूड विकायला नव्हे. अर्धं झाड कापून अर्धं ठेवता यावं, एवढ्यासाठी. नवी घ्यायला पैसे नव्हते. कोणाकडून कापून घ्यावं तर उभा निंब द्यावा लागणार होता. म्हणजे खरी तुलना नव्या मशीनशी नव्हतीच. ती एका झाडाशी होती, आणि ती रक्कम कागदावर कुठेच लिहिलेली नव्हती. मोडक्या वस्तूत पैसा घालावा का, याचं उत्तर मला आता असं दिसतं: ती का मोडली हे कळलेलं असावं, आणि दुरुस्त झाल्यावर ती कुठे थांबवायची हेही ठरलेलं असावं. यातलं एक जरी ठाऊक नसलं तरी ती फुकटसुद्धा महाग.

मी मशीन घेतली.

पोराला पैसे दिले तेव्हा तो म्हणाला, पहिल्या दिवशी मी येतो, एकट्यानं कापू नका. आणि खरंच आला. आम्ही दोघांनी मिळून दीड दिवस काम केलं. त्याने मला गोल कानशीने चेनचा प्रत्येक दात एकाच दिशेने, सारख्याच ओढीने घासायला शिकवलं, आधी सगळे डावे, मग सगळे उजवे. चेन धारेची असली की लाकडाच्या ढलप्या उडतात, बोथट झाली की पिठासारखा भुसा पडतो. भुसा दिसला की जोर लावायचा नाही, थांबून कानस घ्यायची. त्याने दर वेळी मला फांदीच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं ते सांगितलं. रस्त्यावर इतकी झाडं कापलेला तो पोरगा विहिरीवरची शेवटची फांदी काढताना माझ्या मायला विचारत होता, "आजी, एवढी ठेवू का? पाखरं बसतीन."

फाटलेल्या बेचक्यापाशी येऊन आम्ही थांबलो. तिथे उघड्या कुशीवर लोंबणाऱ्या चिरफळ्या तेवढ्या काढल्या आणि काप उतरता ठेवला, पाणी साचू नये म्हणून. त्याच्या पुढे मशीन गेली नाही. तो अर्धा निंब पुढच्या वादळात टिकेल की नाही हे मला सांगता येत नाही. त्याचा तोल राहावा म्हणून वरच्या एका लांब फांदीचा भार थोडा हलका केला आहे. एवढंच माझ्या हातात होतं.

काम झाल्यावर मिस्त्रींनी सांगितलं होतं तसं केलं. टाकीतलं पेट्रोल बाटलीत ओतून घेतलं, मग मशीन पुन्हा चालू करून जमिनीवर ठेवली, कार्बोरेटरमध्ये उरलंसुरलं असेल ते संपेस्तोवर. टाकी भरलेली ठेवून तिला पुन्हा आजारी पाडायचं नव्हतं. ती मिनिटभर चालली. शेवटी आवाज एकदा चढला. पेट्रोल संपत आलं की तो चढतोच, आणि आता तो का चढतो हे मला ठाऊक होतं. मग ती आपणच बंद झाली.

पोरगा विहिरीवर हात धुवायला गेला. उभ्या निंबाची सावली आता फक्त एकाच अंगाला पडत होती. मायने बाज ओढली आणि तिकडे सरकवली.